निंबाळकरांची गोठ, गोट की गोठा?

जुनी पाटी
मंडळी, एका शब्दावर अडलेय. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघतेय आणि लष्करच्या जुन्या वस्त्यांवरचा लेख माझ्या गळ्यात पडलाय. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि तो पुन्हा उठलाच नाही, तेच हे लष्कर. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार भरले, नावं मात्र तळाचीच राहिली. निंबालकर की गोठ, चिटनीस की गोठ, बक्षी की गोठ, जिंसी नाला, हुजरात पूल, कंपू, शिंदे की छावनी. पाट्या हिंदी, ऐवज मराठी फौजेचा.

मी ‘निंबाळकरांची गोठ’ असं लिहून पाठवलं. मुद्रितं तपासणारे गृहस्थ महाराष्ट्रातले. त्यांनी लाल शाईने ‘निंबाळकरांचा गोठा’ केलं आणि समासात टीप घातली : ‘गोठ हा हातातला दागिना. येथे गोठा अभिप्रेत असावा.’ आता सांगा, एवढे सरदार निंबाळकर आणि त्यांचा काय तर गोठा! असं छापून आलं तर मला जनकगंजातून तोंड लपवून जावं लागेल.

मला वाटतं मूळ शब्द ‘गोट’, आपल्या ‘विरोधकांच्या गोटात खळबळ’मधला. पण सासरे म्हणतात, ‘आम्ही जन्मभर गोठच म्हणत आलो, तू कोण बदलणार?’ शिवाय गोट घेतला तर ‘निंबाळकरांचा’, गोठ घेतली तर ‘निंबाळकरांची’. रविवारपर्यंत पान द्यायचंय. काय लिहू?

कोशातला उंदीर
गोट. यात चर्चेला जागाच नाही. गोट म्हणजे फौजेचा तळ, त्यातही एकेका सरदाराच्या पथकाचा वेगळा तळ. कुठलाही जुना मराठी कोश उघडा. निंबाळकरांचं पथक जिथे उतरलं तो निंबाळकरांचा गोट. पुढे हिंदीवाल्यांच्या तोंडी ट चा ठ झाला आणि गोट बाई झाली. वाड्याचा ‘बाडा’ आणि फाळक्यांचा ‘फालका बाजार’ त्यांनीच केलाय. ही मोडतोड आपण मराठीत लिहिताना कशाला जपायची?

चिमणपुरेकर
साताऱ्यात आजही पंताचा गोट आणि रामाचा गोट आहे. पेठांची नावं आहेत ती, आणि रोज त्यातून जाणाऱ्याला त्यात फौज दिसत नाही. पत्ता म्हणून सांगतो आपण, संपलं.

माझ्या आजीचं माहेर पंताच्या गोटातलं आणि तिची धाकटी बहीण दिलेली ग्वाल्हेरला, चिटणिसांच्या गोठीत. दोघींची पोस्टकार्डं आमच्याकडे एका डब्यात आहेत. आजीचं अक्षर बाळबोध. ती कार्डावर पत्ता ‘चिटणिसांचा गोट, लष्कर, ग्वाल्हेर’ असा घालायची. मावशीआजी परत पाठवायची तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी ठसठशीत ‘चिटनीस की गोठ’. मधल्या ओळी शुद्ध मराठी, म्हशीचं दूध, नातवाची मुंज, लोणच्याला बुरशी आली वगैरे, आणि पत्ता तेवढा हिंदी. आजीने एका कार्डावर लिहिलंय, ‘तुमच्याकडे ठ फार स्वस्त दिसतो.’ पत्रं दोन्हीकडे बिनचूक पोचत होती, म्हणजे टपालखात्याचं मत काय ते समजून घ्या.

मुरार पलीकडे
चिमणपुरेकर, वा! डबा जपून ठेवा.

उंदीरराव, ठ हिंदीवाल्यांनी जोडला नसावा. तो मुळात होता आणि मराठीने सोडला. हिंदी हाथ, मराठी हात. भूख, भूक. भीख, भीक. सीखना, शिकणे. शब्दाच्या शेवटी ह् मिसळलेला असला की आपण तो गिळतो. मग गोठ-गोट त्याच रांगेतले.

मांडवीचा पोपट
मुरार, रांग लावताय खरी, पण ओठ, मूठ, गाठ, पाठ, साठ हे त्या रांगेत का नाहीत? ठ मराठीला जड असता तर आम्ही ‘ओट’ रंगवले असते आणि ‘मूट’ आवळली असती. नियम तिथे बसतो जिथे तुम्ही बसवता.

माझं म्हणणं, दोन्ही शब्द एका घरातले. संस्कृत गोष्ठ, म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. त्यातून गोठा आला, कोकणातली गोठण आली. गुराख्यांचा मुक्काम पडतो तो गोट आणि फौजेचा मुक्काम पडतो तोही गोट. लोक जमतात ती गोष्ठी, आणि जमून बोलतात ती गोष्ट. हिंदीत गोष्ठी अजून परिसंवादाला म्हणतात. राजस्थानात गोठ म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं वनभोजन. तेव्हा जुनी पाटी, तुमच्या तपासनिसांनी ‘गोठा’ केलं त्यात ते हजारेक वर्षं मागे गेले, एवढंच. अगदीच चुकले नाहीत.

जुनी पाटी
पोपटराव, हे सासऱ्यांना सांगू? निंबाळकरांच्या वंशजांना तुम्ही सांगाल का? दोघं आमच्या मंडळाचे आजीव सभासद आहेत.

माणदेशी
गाईगुरांचं एवढं हसू येतंय का सगळ्यांना? आमच्याकडे ‘छावणी’ म्हटलं की पहिली गुरांचीच आठवते. चारा छावणी. दुष्काळात जनावरं दावणीला नेऊन बांधायची, पत्र्याच्या सावलीत बायामाणसांनी तिथंच मुक्काम करायचा. माझा पुतण्या शाळेत ‘इंग्रजांची छावणी’ वाचून मला विचारायला आला होता, ‘त्यांच्याकडं पण पाऊस न्हवता का?’

मराठ्यांची फौज पावसाळ्यात जिथे थांबायची ती छावणी. घोडी, बैल, उंट हत्ती सगळं बरोबर. वैरण मिळेल तिथे तळ. फौजेचा तळ आणि गुरांचा तळ यात सरदाराला फरक वाटत असेल, वैरण वाहणाऱ्याला काय वाटणार?

मांडवीचा पोपट
माणदेशी, लाखातलं बोललात. शिवाय हिंदीत ‘बाड़ा’ म्हणजेही जनावरांचं कुंपण. म्हणजे ग्वाल्हेरचा महाराज बाडा हिंदी माणसाच्या कानाला…

कोशातला उंदीर
पुढे लिहू नका. तिथे वाडाच होता. म्हणूनच म्हणतो, मराठीत ‘महाराज वाडा’ लिहा, गैरसमजच होणार नाही.

दानाओली
मी बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज लिहितो. आम्ही लोकं पाच पिढ्या लष्करात आहोत. आमच्या तोंडी ‘बाड्यावर जाऊन येतो’ हेच येतं. ‘महाराज वाड्यावर जातो’ म्हटलं तर घरचे विचारतील, पाहुणा आहे का कोणी. बाडा म्हणजे चौक, तो टाऊन हॉल, ते पोस्ट ऑफिस, गोरखीचा (शिंद्यांच्या जुन्या वाड्याचा) दरवाजा, संध्याकाळची गर्दी, हे सगळं मिळून. वाडा म्हणजे इमारत. दोन वेगळ्या वस्तूंना दोन शब्द मिळालेत आणि तुम्ही त्यातला एक परत घ्यायला निघालात.

तेच गोठीचं. गोट उठतो. गोठ बसलेली आहे. निंबाळकरांच्या गोठीत दगडी जाळ्यांचे सज्जे आहेत, खाली शिंप्याचं दुकान आहे, वर कोचिंग क्लास आहे. तिथे ‘गोट’ म्हणून कोण हिंडतंय? आणि सरळ सांगू का, आजच्या पोरांसमोर ‘गोट’ म्हटलं की त्यांना बकरी दिसते. गोठ्यातून सुटलो तर पुन्हा जनावरातच.

कोशातला उंदीर
काका, भावना समजल्या. पण पोरांना इंग्रजी बकरी दिसते म्हणून मराठी शब्द सोडायचा, तर उद्या ‘बाप’, ‘कट’, ‘बस’ सगळंच सोडा. तुम्ही लोकांनी दोनशे वर्षांत जे हिंदी करून घेतलं ते बोलण्यात ठीक. लिहिताना प्रमाण असावं.

दानाओली
प्रमाण कुठलं? पुण्याचं? मग एक विचारतो. ख्याल ग्वाल्हेरहून महाराष्ट्रात आला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकून गेले, त्यांच्याकडून तो विष्णु दिगंबरांकडे आला. बंदिशी ब्रजमधल्या, गळे मराठी. इथे लष्करात कृष्णराव पंडितांनी १९१४ साली विद्यालय काढलं तेव्हाही गळे मराठी आणि बंदिशी ब्रजच. मराठी गवयाच्या तोंडून ब्रजचे उच्चार जसे पडायचे तसे पडले. मथुरेहून कोणी लाल शाई घेऊन आलं नाही. तानसेन समारोहाची सुरुवात आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होते, तिथे येऊन सांगा प्रमाण काय ते.

चिमणपुरेकर
काका, टाळ्या! मी सातारचा असूनही.

सदाशिव पेठी
मला एक कळत नाहीये. लष्कर म्हणजे कॅम्प ना? तिथे निंबाळकर कुठे राहायचे? एमजी रोडच्या मागे का?

मुरार पलीकडे
अहो, ते पुण्याचं लष्कर. धाग्याच्या पहिल्या ओळीत ग्वाल्हेर आहे. (तुमच्या लष्कर पोलीस ठाण्याची पाटी वाचून आमच्याकडचे पाहुणे हरखतात, तो भाग वेगळा.)

एकूण गंमत बघा. गावाचं नाव लष्कर, तोही फारसी शब्द. दिल्लीची ‘उर्दू’ म्हणजे तुर्की भाषेत छावणीच. आमचा मुरार ही इंग्रजांची छावणी, १८८६ मध्ये किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले आणि त्याबदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. म्हणजे शिंद्यांच्या छावणीशेजारी इंग्रजांची छावणी. आणि या सगळ्याच्या पोटात अजून एक छावणी, ती म्हणजे कंपू.

कोशातला उंदीर
कंपू हा इंग्रजी ‘कॅम्प’चा अपभ्रंश. पुढे.

मुरार पलीकडे
पुढे नको, थांबा. महादजींनी १७८४ पासून द बॉयनला नोकरीत ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या पलटणींच्या ब्रिगेडला मराठी कागदांत ‘कंपू’ म्हणत. नंतर पेराँ आला. १८०३ मध्ये असई आणि लासवाडीला लढले ते हेच कंपू. म्हणजे शब्द आला तेव्हा शिंद्यांचे सेनापती फ्रेंच बोलणारे. इंग्रजी कुठून?

मांडवीचा पोपट
फ्रेंचमध्ये त्या शब्दातला शेवटचा ‘प’ बोलतच नाहीत, ‘कां’ म्हणतात. ‘कां’चा कंपू कसा होईल? पोर्तुगीज बघा. ‘कांपो’ लिहितात आणि शेवटच्या ओ चा उच्चार उ कडे झुकलेला करतात. ‘कांपु’. आपण तो जसाच्या तसा घेतला. ‘ताबाको’चा तंबाखू त्याच वाटेने झाला. पाव, साबण, काडतूस, पगार, किती शब्द दिलेत त्यांनी.

कोशातला उंदीर
काडतूसमध्ये ओ चा उ का नाही मग? ‘कार्तूशो’ होतं ना मूळ? ‘काडतुसू’ का झालं नाही? नियम तिथे बसतो जिथे तुम्ही बसवता, हे तुमचंच वाक्य.

मांडवीचा पोपट
😀 मान्य नाही, पण दाद घ्या.

नवी_सभासद
मला वाटायचं कंपू म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी एकमेकांच्या प्रतिसादांना टाळ्या देणारे चारपाच जण. कंपूबाजी वगैरे. हा खरोखरचा फौजेचा शब्द आहे?

माणदेशी
हो, आणि गोटही तसाच. ‘नाराज गोट’, ‘त्यांच्या गोटातून कळतंय’. फौजा गेल्या, भांडणं राहिली, आणि त्या भांडणांना शब्द लागतातच. वार्ताहरांनी गोट उचलला, आपण कंपू उचलला.

दानाओली
आमच्याकडे कंपूत लोकं दवाखान्याला जातात. जयारोग्य रुग्णालय तिकडेच. ‘त्याला कंपूला नेलं’ म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, ‘जास्त आहे का?’ कोणाला गटबाजी आठवत नाही.

राजवाडा ते सराफा
इंदूरहून हजेरी. गोठ आमच्याकडे नाही, पण जिंसी आहे. जिनसी म्हणजे जड तोफांचा तोफखाना. औरंगाबादेतही जिन्सी आहे, भोपाळातही. त्याशिवाय आमच्याकडे तोपखाना आहे, आणि कडाबीन नावाची वस्ती आहे. कडाबीन म्हणजे आखूड बंदूक, तोही परदेशी शब्द मराठी फौजेतून आलेला. आता त्या वस्तीतल्या कोणालाही विचारा, ‘कडाबीन’ म्हणजे काय, तो म्हणेल ‘यहीं तो है’.

मांडवीचा पोपट
बडोद्यात हुजरात पागा आहे. हुजरात म्हणजे खुद्द धन्याची फौज, आणि पागा त्यांच्या घोड्यांची. आता अर्धे लोक ‘हजरत पागा’ म्हणतात आणि तिथे कोणी पीर असणार असं धरून चालतात. ग्वाल्हेरच्या हुजरात पुलाचं काय?

दानाओली
तेच. आमचे एक शेजारी तर पुलावरून जाताना हात जोडतात. मी काही बोलत नाही. गोरखीत मन्सूरशहांचं स्थान आहेच, बीडचे मन्सूरशहा, महादजींची श्रद्धा त्यांच्यावर. शिंद्यांच्या देवघराला जर अवलिया चालतो, तर पुलालाही एखादा मिळाला तर काय बिघडलं?

कोशातला उंदीर
म्हणजे उद्या चुकीच्या व्युत्पत्तीला अगरबत्ती लावायची. छान.

फाळके सरदार होते, त्यांच्या बाजाराचं ‘फालका बाजार’ झालं. का झालं? हिंदीवाल्यांनी ‘फालके’मधला ‘के’ विभक्ती समजून काढला आणि ‘का’ लावला. म्हणजे ‘फाल का बाजार’! सरदाराचं आडनावच अर्धं झालं. यात काय बिघडलं हे तुम्हाला दिसत नसेल तर मी थांबतो.

मुरार पलीकडे
ही व्युत्पत्ती तुमचीच ना? कोशात नसावी.

कोशातला उंदीर
तर्काने आहे.

दानाओली
त्या बाजारात रामाचं देऊळ आहे, गेला आहात कधी?

कोशातला उंदीर
देवळाचा काय संबंध?

दानाओली
नसेल. पण गावात न येता गावाची पाटी बदलायची घाई ज्याला असते त्याला मी हे विचारतो.

चिमणपुरेकर
जरा शांत. ‘ओळी’बद्दल विचारायचं राहून जातंय. काका, तुमच्या नावातली दानाओली म्हणजे दाण्याची ओळ, बरोबर? धान्याच्या दुकानांची रांग?

दानाओली
हो. कसेरा ओळीही आहे, तांब्यापितळेची. लिहायला ओली, बोलायला ओली, पण मूळ ओळ. तुमच्या पुण्यात बोहरी आळी आहे, आमच्याकडे ओळी. पावसाळ्यात दोन्ही अर्थ लागू पडतात.

सदाशिव पेठी
आळी आणि ओळ वेगळे शब्द आहेत. आळी म्हणजे गल्ली, वस्ती. ओळ म्हणजे रांग.

माणदेशी
आला पुण्याचा प्रतिसाद.

जुनी पाटी
अहो, माझा रविवार! गोठ लिहू, गोट लिहू, की अवतरणात ‘गोठ’ घालून कंसात गोट देऊ? आणि ‘चा’ की ‘ची’?

नवी_सभासद
ताई, तो दागिन्याचा मुद्दा कोणीच घेतला नाही. माझ्या पणजीचे गोठ होते, भरीव, जाडजूड. पाटल्या, मध्ये हिरव्या बांगड्या, मग तोडे, आणि मनगटाच्या बाजूला गोठ. की गोठ मागे असायचे? आईला विचारते. ते ‘गोठ’ पुल्लिंगी होते. म्हणजे ‘पणजीचा गोठ’. तुमच्या तपासनिसांना तेवढं तरी श्रेय द्यायला हवं.

चिमणपुरेकर
लुगड्याला लावतात ती गोट? तीही आहे. काठाला शिवलेली पट्टी.

मांडवीचा पोपट
आणि मग कोणी म्हणेल फौजेच्या भोवती कडेने तंबू म्हणून गोट. मी म्हणत नाही, पण कोणीतरी म्हणेल.

राजवाडा ते सराफा
मीच म्हणणार होतो!

मुरार पलीकडे
जुनी पाटी, माझं मत. मराठी लेखात पत्ता म्हणून येईल तिथे ‘निंबाळकर की गोठ’, अगदी ‘की’सकट, जसं विजेच्या बिलावर असतं तसं. आणि इतिहास सांगताना ‘गोट’. विशेषनामाला हात लावू नये, सामान्यनाम आपलं आहे.

कोशातला उंदीर
‘की’सकट? मराठी लेखात? मग ‘शनिवार वाड्या’ला हिंदीत ‘शनिवार का बाड़ा’ लिहिलं तर ओरडू नका.

दानाओली
आम्ही कधी ओरडलो? ओरडणारे कुठे राहतात ते सगळ्यांना माहीत आहे.

जुनी पाटी
पान गेलं. संपादकांनी गोठांचा परिच्छेदच काढला, गजकवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात आली म्हणून. शिंदे की छावनी आणि कंपू तेवढे राहिलेत, तेही हिंदीत आहेत तसेच. सासरे खूश आहेत, त्यांना वाटतंय ते जिंकले.

मांडवीचा पोपट
पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत सगळं मांडा. कंपूवर मी वेगळं लिहून देतो, पोर्तुगीज बाजूने.

कोशातला उंदीर
मी इंग्रजी बाजूने देतो.

राजवाडा ते सराफा
एक राहिलं. आमच्याकडे पागनीस पागा आहे. पागा म्हणजे घोडदळाचा तबेला आणि पागनीस म्हणजे पागेचा हिशेब लिहिणारा, पागा-नवीस. मग ‘पागनीस पागा’ म्हणजे पागेच्या कारकुनाची पागा? कारकुनाला स्वतःची पागा कशी?

दानाओली
आमच्याकडे पागनवीसी आहे. तिथे ‘नवीस’ अजून शाबूत आहे, तुमच्याकडे घासून ‘नीस’ झालं. फडणवीस-फडणीस तसंच. आणि कारकुनाला पागा नसेल असं कोणी सांगितलं? आपले कारकूनच तर सरदार झाले.

कोशातला उंदीर
याला मात्र पुरावा लागेल.